तिकीट खिडकीवर दरांच्या शेजारी तपासणीची तारीखही लिहा

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

मे महिना लागला की मॉलच्या वरच्या मजल्यावरचे गेम झोन भरून वाहू लागतात. बाहेर बागेतल्या पत्र्याच्या घसरगुंडीला उन्हामुळे हात लावता येत नाही. मॉलमध्ये गारवा आहे, स्वच्छतागृह आहे, आजी-आजोबांना टेकायला जागा आहे आणि मुलांना ट्रॅम्पोलिन, डॅशिंग कार, सॉफ्ट प्ले. ठाणे-पुण्यापासून नागपूरपर्यंत शहरातल्या कुटुंबांची एक दिवसाची सहल आता अनेकदा अशीच होते, आणि त्यात वावगे काही नाही. आम्ही अशा ठिकाणच्या राइडची देखभाल आणि इमारतींमधल्या अग्निशमन यंत्रणेची कामे करतो. आत शिरताना पालक कार्डात किती पैसे भरायचे तेवढेच विचारतात, कारण खिडकीवर तेवढेच लिहिलेले असते. आमची मागणी अशी की दरपत्रकाच्या शेजारी आणखी तीन गोष्टी लिहिणे बंधनकारक करावे. अग्निशमन यंत्रणेची तपासणी शेवटची कधी झाली, आज सकाळी राइड कोणी तपासल्या आणि आत एका वेळी जास्तीत जास्त किती माणसे सोडायची. या तीनच ओळी का, ते थोडे सविस्तर लिहीत आहोत.

राजकोटच्या गेम झोनला २५ मे २०२४ रोजी आग लागली आणि २७ जणांचा जीव गेला. त्यात लहान मुलेही होती. सुट्टीतला शनिवार होता, ९९ रुपयांच्या तिकिटाची सवलत असल्याने गर्दी उसळलेली होती, आतच वेल्डिंगचे काम चालू होते आणि अग्निशमन दलाचा ना हरकत दाखला नव्हता. गुजरात उच्च न्यायालयाने प्रथमदर्शनी ही मानवनिर्मित आपत्ती असल्याचे म्हटले. त्यावर आपल्याकडे हमखास मिळणारे उत्तर असे, की ती पत्र्याची शेड होती, आपला मॉल पक्का आहे. मुंबई सेंट्रलजवळचा मॉल ऑक्टोबर २०२० मध्ये पेटला तोही पक्काच होता. ती आग पुरती विझवायला दोन दिवसांहून अधिक वेळ लागला आणि शेजारच्या टॉवरमधल्या हजारो रहिवाशांना मध्यरात्री घराबाहेर काढावे लागले. सिमेंटच्या भिंती पेटत नाहीत हे खरे, पण त्या भिंतींच्या आत आपण काय आणून ठेवतो यावर सगळे अवलंबून असते.

सॉफ्ट प्ले म्हणजे लोखंडी पाइपांचा सांगाडा. पाइपांवर फोमच्या नळ्या चढवलेल्या, मधे पीव्हीसी कापडात शिवलेले फोमचे ठोकळे, चारी बाजूंनी नायलॉनची जाळी आणि तळाला प्लास्टिकचे हजारो चेंडू. ट्रॅम्पोलिन पार्कमध्ये याच्या जोडीला फोमच्या चौकोनी ठोकळ्यांनी भरलेला अख्खा खड्डा असतो. हा फोम बहुतेक वेळा पॉलियुरेथेनचा असतो. तो जळू लागला की कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सायनाइड हे दोन्ही विषारी वायू सुटतात आणि ज्वाळा पोचण्याआधी धूरच माणसाला पाडतो. धूर आधी छताला लागतो आणि तिथून खाली भरत येतो. म्हणजे तीन मजली सॉफ्ट प्लेमध्ये सगळ्यात वर चढलेले मूल धुरात पहिले सापडते. त्याला खाली आणायला निघालेल्या मोठ्या माणसाचे खांदे त्या बोगद्यात मावत नाहीत. म्हणून पाच वर्षांच्या आतले मूल वरच्या मजल्यावर एकटे सोडू नये, आणि चालकांनी प्रत्येक मजल्यावर मोठ्या माणसाला आत जाता येईल अशी एक तरी फट ठेवावी. जाळीला उघडता येणारी झिप लावली तरी काम होते.

छतातल्या स्प्रिंकलरबद्दलही लोकांचा गैरसमज असतो. प्रत्येक स्प्रिंकलरमध्ये काचेची छोटी कुपी असते. लाल कुपी ६८ अंश सेल्सिअसला फुटते आणि फक्त त्या ठिकाणचे पाणी छत्रीसारखे पसरते. त्या छत्रीखाली साधारण अर्धा मीटर जागा मोकळी हवी. मॉल बांधला तेव्हा ती मोकळीच होती. नंतर भाडेकरूने तिथे तीन मजली सांगाडा उभा केला, वर फळ्या टाकल्या, की पाणी त्या फळ्यांवर पडते आणि आग खाली चालू राहते. ‘लूक’ यावा म्हणून सगळे छत काळे रंगवतात, त्यात स्प्रिंकलरही रंगवले जातात. रंग बसलेली कुपी उशिरा फुटते. असा स्प्रिंकलर पुसून चालत नाही, बदलावाच लागतो. आणखी एक नेहमी दिसणारी गोष्ट म्हणजे वाढदिवसाचे फुगे, बॅनर आणि झालरी थेट स्प्रिंकलरच्या पाइपला बांधलेल्या असतात. मान वर करून पाहिले तर कोणालाही दिसतील.

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार इमारतीच्या मालकाने किंवा भोगवटादाराने परवानाधारक संस्थेकडून यंत्रणा तपासून घेऊन ‘फॉर्म बी’ हे प्रमाणपत्र दर वर्षी जानेवारीत आणि जुलैत अग्निशमन दलाकडे द्यायचे असते. मॉल ते आपल्या इमारतीपुरते देतो. गेम झोनची अंतर्गत सजावट त्यानंतर दोन महिन्यांनी बदलली तर ती पुन्हा कोणी पाहिली, हा प्रश्न मॉल आणि भाडेकरू यांच्यामध्ये लोंबकळत राहतो. मॉल म्हणतो, आतले काम त्यांचे. चालक म्हणतो, यंत्रणा मॉलची. खिडकीवर तारीख लिहायची वेळ आली की हे टोलवणे थांबेल, कारण ती तारीख कोणाला तरी विचारून, खात्री करूनच लिहावी लागेल.

बाहेर पडायची दुसरी वाट हा यातला सर्वांत नाजूक भाग. गेम झोनला शिरायला एकच फाटक ठेवतात, कारण तिकीट न काढता कोणी आत येऊ नये. मागचे दार त्याच कारणाने साखळी-कुलूप लावून बंद केले जाते. राष्ट्रीय इमारत संहिता, २०१६ प्रमाणे बाहेर पडण्याचे दार बाहेरच्या दिशेने उघडणारे आणि आतून कुलपाविना उघडणारे हवे. फुकट्यांना अडवायचे असेल तर त्यालाही साधा उपाय आहे. दारावर आतून ढकलायचा आडवा दांडा बसवायचा आणि त्याला भोंगा जोडायचा. कोणी विनाकारण दार उघडले तर भोंगा वाजेल, आणि आग लागली तर लहान मूलही ते ढकलून बाहेर पडेल. दारापलीकडचा जिनाही बघायला हवा. जिन्यात बंद पडलेल्या गेमची खोकी, तुटक्या खुर्च्या, फरशी पुसायच्या बादल्या रचलेल्या असतात. ये-जा सोपी व्हावी म्हणून फायर डोअरला सिलिंडर टेकवून ते उघडे ठेवतात. फायर डोअर आपोआप मिटणारे असते ते धूर जिन्यात शिरू नये म्हणून. ते उघडे राहिले तर बाहेर पडायचा जिनाच धुराचे धुराडे होतो.

पालकांनी आत गेल्यावर पहिली दोन मिनिटे यासाठी द्यावीत. हिरवी ‘एक्झिट’ पाटी शोधावी, त्या दारापर्यंत चालत जावे, कुलूप आहे का पाहावे. कुलूप दिसले तर तिथल्या मॅनेजरला ते काढायला सांगावे. काढत नसेल तर पैसे भरण्याआधी परत फिरावे. बाहेर पडण्याची घोषणा झाली तर लॉकरमधले बूट आणायला जाऊ नये. अनवाणी किंवा मोज्यांवर निघावे. लॉकरसमोर पाच माणसे वाकली की मागची सगळी गर्दी अडते. लिफ्ट वापरू नये. घरातल्या सगळ्यांनी मॉलबाहेर भेटायची एक जागा आधीच ठरवावी, रिक्षा स्टँड किंवा पार्किंगचे फाटक. मुलाच्या मनगटावरच्या पट्टीवर आत जाण्यापूर्वी बॉलपेनने आपला मोबाइल नंबर लिहावा.

आता राइडकडे येतो. उंचीची पट्टी पाहिली की घासाघीस सुरू होते. ‘दोन बोटांचाच फरक आहे, दादा, बसू द्या.’ ही अट उंचीची असते, वयाची नसते, यामागे कारण आहे. लॅप बार, म्हणजे मांडीवर खाली येणारा दांडा, मांड्यांच्या हाडांवर बसावा, पाठ आसनाच्या पाठीला टेकावी आणि पाय खाली पोचावेत, असे आसनाचे माप घेतलेले असते. त्या मापापेक्षा लहान मूल बारखालून पुढे सरकते. त्याहून मोठी चूक म्हणजे मूल लहान आहे म्हणून आई किंवा बाबा शेजारी बसतात आणि दोघांवर एकच बार खाली येतो. बार मोठ्या माणसाच्या मांडीला लागला की थांबतो. मुलाच्या मांडीवर तेव्हा चार-पाच बोटांची पोकळी उरते. मूल पकडलेले दिसते, प्रत्यक्षात ते मोकळे असते. सुटा बार असलेली जागा मिळत नसेल तर ती राइड त्या दिवशी सोडून द्यावी. राइड सुरू होण्याआधी ऑपरेटरने प्रत्येक बार एकदा खाली दाबून मग वर ओढून पाहायला हवा. तो लांबून नुसता अंगठा दाखवत असेल तर हात वर करून थांबवावे.

रोज दारे उघडण्यापूर्वी राइड दोन-तीन वेळा रिकामी फिरवायची असते. इमर्जन्सी स्टॉपचे लाल बटण दाबून राइड खरेच थांबते का, पिनांना लावलेल्या क्लिपा जागेवर आहेत का, हायड्रॉलिकच्या नळीखाली तेल सांडले आहे का, हे सगळे बघून वहीत सही करायची. मोठ्या नटावर आणि त्याखालच्या पत्र्यावर मिळून रंगाची एक सरळ रेघ ओढलेली असते. नट सैल होऊन फिरला की रेघ तुटते आणि लांबूनही कळते. रांगेत उभ्या असलेल्या माणसालाही ही रेघ दिसू शकते. कॅनडातल्या वेस्ट एडमंटन मॉलच्या आतच असलेल्या रोलर कोस्टरवर १४ जून १९८६ रोजी शेवटच्या डब्याच्या चाकांची जोडणी बोल्ट निसटल्यामुळे सुटली आणि तीन जण ठार झाले. जगातल्या मोठ्या मॉलांपैकी तो एक होता. देखभालीतली फट मॉलच्या आकाराने भरून निघत नाही, म्हणून रोजच्या वहीतली सही आम्हाला खिडकीवर हवी आहे. सहीसोबत वेळही लिहावी. सकाळी साडेदहाची सही असेल तर कोणीतरी राइडजवळ गेले होते एवढे तरी कळते.

मॉलच्या पॅसेजमधून फिरणारी टॉय ट्रेन सगळ्यांना निरुपद्रवी वाटते. जून २०२४ मध्ये चंदीगडच्या एका मॉलमध्ये अशाच गाडीचा शेवटचा डबा उलटून शाळकरी मुलाचा मृत्यू झाला. ही गाडी रुळांवर नसते, रबरी चाकांवर गुळगुळीत फरशीवर चालते. डबे अरुंद, उंच आणि हलके असतात. वळण जोरात घेतले आणि मुले खिडकीतून एका बाजूला झुकली तर डबा कलंडायला वेळ लागत नाही. पट्टे नसतील तर मुलाला पुढच्या डब्यात, आतल्या बाजूला बसवावे, आणि गाडी माणसाच्या चालीपेक्षा वेगाने जात असेल तर बसवूच नये.

ट्रॅम्पोलिनवर सर्वाधिक लक्ष द्यावे. अमेरिकन अकादमी ऑफ पेडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०१२ च्या निवेदनानुसार ट्रॅम्पोलिनवरच्या सुमारे तीन चतुर्थांश दुखापती एका पटावर (उड्या मारायच्या ताणलेल्या कापडावर) एकापेक्षा जास्त जण असताना होतात, आणि त्यात सर्वांत लहानग्याला धोका सर्वाधिक असतो. कारण सोपे आहे. बाबा उडी मारून पटावर आदळतात, पट खाली जातो आणि जोराने वर येतो. नेमक्या त्या क्षणी तीन वर्षांचे मूल खाली येत असेल तर मऊ पट त्याला वर येणाऱ्या टणक फरशीसारखा लागतो. गुडघ्याच्या जरा खाली नडगीचे हाड मोडते. सूज फारशी दिसत नाही, मूल पाय टेकवत नाही एवढेच दिसते, आणि घरी ‘लचकला असेल’ म्हणून तेल चोळतात. खेळून आल्यावर मूल उभे राहायला नकार देत असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे आणि ट्रॅम्पोलिनवर मोठ्या माणसासोबत उडी मारली हे आवर्जून सांगावे. नियम एकच, एका पटावर एक. बाळाचा हात धरून त्याच्यासोबत उड्या मारण्याचा मोह फोटोसाठीही करू नये.

फोमच्या खड्ड्यात बसते होऊन किंवा पायांवर पडावे, डोके किंवा पोट पुढे करून कधीच नाही. वरचे ठोकळे फुगलेले दिसतात, पण रोजच्या उड्यांनी खालचे दबून चपटे होतात आणि खड्डा आतून उथळ होत जातो. कर्मचाऱ्यांनी ते नियमित उपसून वर-खाली करायचे असतात. ठोकळ्यांचे कोपरे झिजून भुगा पडत असेल तर ते बदलायची वेळ झाली आहे. मोज्यांबाबत एवढेच की तळाचे रबरी ठिपके गुळगुळीत झाले असतील तर मागच्या वेळचे मोजे घरी ठेवावेत, नवीन घ्यावेत.

डॅशिंग कारमध्ये सगळ्यात जास्त मार हनुवटीला आणि पुढच्या दातांना बसतो. मुले स्टिअरिंगवर ओणवी होऊन बसतात आणि मागून धक्का बसला की तोंड थेट चाकावर. पाठ टेकवून, पट्टा लावून, तोंडातले च्युइंग गम काढूनच बसावे. समोरासमोर मुद्दाम धडक देणाऱ्या मोठ्या मुलांना थांबवणे हे ऑपरेटरचे काम आहे. रविवारी संध्याकाळी मात्र एकच ऑपरेटर दोन राइड सांभाळताना दिसतो. एका राइडवर एक ऑपरेटर आणि फाटकावर दुसरा, याहून कमी माणसे असतील तर त्या वेळी राइड बंद ठेवावी. पालकांना जमत असेल तर आठवड्याच्या मधल्या वारी, सकाळी दारे उघडल्याबरोबर जावे. माणसे ताजी असतात, रांगा नसतात आणि मुलांना त्याच पैशांत निवांत खेळायला मिळते.

कपड्यांकडेही पाहावे. हूडीची नाडी, ओढणी, मुलाच्या गळ्यातला काळा दोरा, ताईत, चेन हे सॉफ्ट प्लेच्या जाळीत आणि घसरगुंडीच्या कडेला अडकते. दोरा तुटत नाही आणि मूल घसरत राहते. दोरा काढायचा नसेल तर तो मनगटाला बांधावा. गो-कार्टला लांब केस बांधून, हेल्मेटच्या आत घालूनच बसावे. २०२० मध्ये हैदराबादजवळ केस चाकात अडकून एका विद्यार्थिनीचा जीव गेला. सरकत्या जिन्यावर मऊ रबरी सँडलची पुढची बाजू कडेच्या फटीत ओढली जाते. मुलाला पायरीच्या मध्यावर उभे करावे, बाबागाडी लिफ्टने न्यावी आणि जिन्याच्या दोन्ही टोकांना असलेले लाल बटण कुठे आहे ते पाहून ठेवावे.

कार्डात पैसे भरण्याआधी उरलेली रक्कम परत मिळते का, किती महिने चालते आणि कार्डाचे वेगळे पैसे किती, हे विचारून घ्यावे. आत जाताना ज्या कागदावर सही घेतात, त्यात ‘कोणत्याही दुखापतीस आम्ही जबाबदार नाही’ असे असते. त्या एका ओळीमुळे निष्काळजीपणा माफ होतो असे समजू नये. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये अन्याय्य कराराची तरतूद आहे आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. कागदाचा फोटो काढून ठेवावा.

या जागांच्या परवान्याचा पाया आपल्याकडे महाराष्ट्र पोलीस कायदा, १९५१ च्या कलम ३३ मध्ये आहे, आणि मुंबईत त्याखाली केलेले सार्वजनिक करमणुकीच्या जागांचे नियम १९६० चे आहेत. त्या नियमांच्या नावातच मेळे आणि तमाशे आहेत. तंबूतल्या खेळासाठी केलेल्या नियमांना फोमचा खड्डा माहीत असणे शक्य नाही. राजकोटनंतर गुजरातने गेम झोनसाठी वेगळे नियम केले. महाराष्ट्रानेही करावेत. त्यात राइडची स्वतंत्र अभियंत्याकडून तपासणी, एका राइडमागे ऑपरेटरची संख्या आणि गर्दीची मर्यादा असावी.

नियम येतील तेव्हा येतील. मॉलच्या व्यवस्थापनाला त्यासाठी थांबायची गरज नाही. गेम झोनच्या चालकाशी होणाऱ्या लीव्ह अँड लायसन्स करारात एक कलम वाढवता येते: प्रवेशद्वाराशी, तिकीट खिडकीच्या उजव्या हाताला, दोन फूट बाय तीन फूट पांढरा फलक, अक्षरे लांबून वाचता येतील एवढी. वर फॉर्म बी चा महिना आणि वर्ष. खाली आजची तारीख, तपासणीची वेळ आणि तपासणाऱ्याची सही. त्याखाली कमाल माणसांचा आकडा आणि त्याच्या शेजारी आत्ता आत किती आहेत तो आकडा, दर अर्ध्या तासाने मार्करने बदललेला. सहीची जागा कोरी असेल तर त्या दिवशी तिकीट विक्री सुरू करायची नाही, असे त्याच कलमात लिहावे.

आपले,
राइड देखभाल आणि अग्निसुरक्षेचे काम करणारे काही तंत्रज्ञ, ठाणे